किरकोळ नावाची फाइल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

रूपेशने पुन्हा तेच केलं! किरकोळमध्ये सहा ओळींचं फंक्शन घुसवायला निघाला होता. किती ठिकाणी लागतंय विचारलं, तर म्हणे एका. एका! नियम त्याला तोंडपाठ आहे — तीन वेगवेगळ्या ठिकाणी लागल्याशिवाय किरकोळमध्ये काही येणार नाही. "अगं, पुढेमागे लागेल ना." पुढेमागे लागतील म्हणून आई दह्याचे रिकामे डबे साठवायची. माळा भरला, डबे कधी लागले नाहीत. त्याची बदलाची विनंती, म्हणजे पीआर, बंद करून टाकला.

नंतर वाटलं, चारचौघांत जरा जास्तच बोलले. पण बोलले ते चूक नव्हतं.

किरकोळ ही फाइल माझी. म्हणजे कंपनीची, पण माझीच. आमच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमध्ये जे कुठल्याच एका खात्यात बसत नाही ते सगळं इथे राहतं — लिस्ट तोडा, लिस्ट जोडा, क्रमाने लावा, सारखे असतील ते एकत्र करा, ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटा. एकशे बारा फंक्शनं. बाकी सगळं यांच्या जिवावर चालतं. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ असते, ते काय करेल याची हमी. हमी लिहिली नाही तर फंक्शन आत येत नाही. हे नियम मी केलेत, सहा वर्षांपूर्वी, उरण नाक्याजवळच्या या ऑफिसात आम्ही चारच टाळकी होतो तेव्हा. आता अकरा आहोत. कुणालाही किरकोळमध्ये बदल करायचा असेल तर पीआर माझ्याकडे पाठवावा लागतो, आणि मी हो म्हटलं तरच तो आत जातो.

लोक मागून मला "किरकोळच्या मालकीणबाई" म्हणतात. माहितेय मला. म्हणू देत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना नाक्यावर कुणीतरी विचारलं, पोरगी काय करते. "कंपुटरात हाय," एवढं सांगून आले. बरोबरच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

किशोरीताईंचा आज पुन्हा प्रश्न. दिवसाला दहा प्रश्न! बाई बेचाळीस वर्षांच्या. पूर्वी कॉलेजात गणित शिकवायच्या, मग बारा वर्षं घरी. सासूचं आजारपण, मुलगी, सगळं. जूनमध्ये आमच्याकडे लागल्या, माझ्या हाताखाली. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मी ताई म्हणते. त्या मला मॅडम म्हणतात. दहादा सांगितलं, मॅडम नको. "हो मॅडम."

त्यांच्याकडे फॉरमॅटर दिलाय. लोकांनी वेडंवाकडं लिहिलेलं सरळ, नीट ओळीत लावून देणारं ते हत्यार. तीस तारखेला त्यांचे सहा महिने पुरे होतात. कायम करायचं की नाही ते माझ्या रिपोर्टवर. हेतल, आमची बॉस, सही करेल, पण हेतल माझं वाचूनच सही करते.

तर आजचा प्रश्न, किरकोळमधल्या क्रम लावणाऱ्या सॉर्टबाय फंक्शनबद्दल. "मॅडम, सॉर्टबायच्या वर लिहिलंय — बरोबरीत असतील त्यांचा आधीचा क्रम तसाच राहतो. ते नक्की ना?"

मी म्हटलं, "वर लिहिलंय ना? मग झालं."

"नाही, म्हणजे मला असं वाटलं की..."

"ताई, इतक्या वर्षांत किरकोळमध्ये काही निघालेलं नाही. आधी आपल्या बाजूला बघायची सवय लावा."

मान हलवून गेल्या. मला उगाच वाईट वाटलं, मग जेवले आणि विसरले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नवी आवृत्ती गेली, फॉरमॅटरसकट. अजून कुणाचा फोन नाही. मला असे दिवस फार आवडतात.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांबरोबर गावात हळदीला. चार तास स्पीकर! कान अजून गुणगुणतायत. आत्या म्हणाली, "तू आता तरी सुट्टी घेत जा गो, वाळलीस पार." मी दोन किलोने वाढलेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्हायचं ते झालं.

करंज्याचे कमलाकरशेठ, मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे त्यांचं. कुठल्या खोलीत किती थंडी ठेवायची, घंटा कधी वाजवायची, हे सगळं त्यांनी आमच्या भाषेत लिहून घेतलंय. आकडे ते स्वतःच बदलतात. आमच्याकडे असं दुसरं गिऱ्हाईक नाही, आम्ही त्यांचं कौतुक सांगत फिरतो. आकड्यांवर खोलीचे नंबर नाहीत. प्रत्येक आकड्याशेजारी त्यांची मराठीतली कमेंट, म्हणजे टीप, असते, तिच्यावरून ओळखायचं कुठल्या खोलीत काय आहे. एका ओळीत दोन आकडे, दोन कमेंट. फाइल फार लांबली, नीट दिसेना, म्हणून सोमवारी त्यांनी ती फॉरमॅटरमधून काढली.

ओळी सरळ झाल्या. आणि तीन ओळींवर शेजारशेजारच्या दोन कमेंटची अदलाबदल झाली.

"रिकामी, धुवायची" ही कमेंट कोळंबीच्या खोलीच्या आकड्याला जाऊन बसली. शेठनी ती वाचली, खोली रिकामी आहे समजून थंडी बंद केली, घंटाही बंद केली. दोन दिवसांनी वास आला तेव्हा कळलं.

हेतलचा चेहरा पांढरा. तिची कंपनी आहे, तिने नऊ वर्षं घातलीयेत. "फॉरमॅटर कुणाकडे?" तिला माहीत होतं, तरी विचारलं. किशोरीताई जागेवर उभ्या राहिल्या, वर्गात उभं करतात तशा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

करंज्याला जाऊन आलो. हेतलची गाडी, मी पुढे, किशोरीताई मागे मांडीवर पर्स धरून. जासईपाशी कंटेनरच्या रांगेत पाऊण तास. हेतलने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

बंदरावर लिलाव संपत आला होता. बाजूला दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकलेले. शेठ आम्हाला थेट त्या खोलीत घेऊन गेले. धुतली होती, तरी नाकाला पदर लावावा लागला. आरडाओरडा करतील वाटलं होतं. नाही केला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"आमी वाचला ता खरा मानला. लिवलेला खरा नाय मानायचा, तर मंग वाचायचा कशाला? सांगा ना तुमी!"

हेतल म्हणाली, आम्ही तपास करतोय, भरपाईचं बघतोय. मी हेतलच्या मागे उभी. काय म्हणणार? फॉरमॅटर माझा नाही.

किशोरीताई मधेच पुढे झाल्या. "शेठ, ते माझं काम आहे. चूक माझी आहे."

शेठनी त्यांच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. "ही बाय बोलली तरी. तुमी दोघी नुसत्या उब्या हाव."

परत येताना मला त्याचाच राग येत होता. कशाला एवढं पुढे व्हायचं! आपल्या माणसांत कबूल करा, गिऱ्हाइकासमोर हरिश्चंद्र कशाला?

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर झोपले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

किशोरीताईंचा रिपोर्ट लिहून टाकला. डोक्यावरचं ओझं नको. "अभ्यासू आहेत, कष्टाळू आहेत. कामाची खात्री करून घेण्यात कमी पडतात. कायम करू नये असे माझे मत आहे." तीन ओळी.

हेतलने वाचला, परत वाचला. "नक्की?"

"नक्की."

"प्राजक्ता, ती बारा वर्षांनी घराबाहेर पडलीये. इथून गेली तर परत कुठे उभी राहणार नाही ती. मला कळतं ते. मीही तशीच बाहेर पडले होते."

मी म्हटलं, "म्हणून लोकांच्या कोळंब्या कुजवायच्या?" हे बोलायला नको होतं. हेतलने रिपोर्ट खणात ठेवला. म्हणाली, अठ्ठावीसला शुक्रवारी बसू, तोपर्यंत कुणाला बोलू नकोस. फॉरमॅटर आता तू दुरुस्त कर.

करते. दोन तासांचं काम आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन तास झाले. सापडलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज सहा तास. विचित्र प्रकार आहे. छोटी फाइल दिली की फॉरमॅटर अगदी शहाणा. मोठी दिली की कमेंटा इकडच्या तिकडे. रूपेश म्हणतो, "आमच्या भाचीसारखं गं. घरात गुणाची, लग्नाला नेलं की धिंगाणा." हसले. हसू येण्यासारखी परिस्थिती नाहीये खरं तर.

आणि खोटं का लिहू? किशोरीताईंचं काम स्वच्छ आहे. एकेक फंक्शन लहान, नाव वाचलं की काय करतं ते कळतं. कमेंटा आधी बाजूला काढतात, मोकळी झालेली ओळ नीट लावतात, मग कमेंटा ओळीच्या नंबराने क्रमात लावून जागच्या जागी परत ठेवतात. मी केलं असतं तर असंच केलं असतं. कदाचित इतकं नीट नसतंही केलं.

मग चुकतंय कुठे?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही सापडत. हेतलला सोमवार सांगितलाय. किशोरीताई चहा घेताना हळूच म्हणाल्या, "मॅडम, काही मदत करू?" मी नको म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. लिहायला हात उचलत नाहीये, पण लिहिते. नाहीतर उद्यापर्यंत मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

सकाळी अकराला बसले होते. बाबा खाली पेपर वाचत. ठरवलं, शहाणपणा बास. शाळेतल्या पोरासारखं करायचं. एक कमेंट असलेली फाइल, मग दोन, मग तीन, एकेक वाढवत न्यायचं. सगळ्या कमेंटा एकाच ओळीवर, क्रमाने क, ख, ग, घ. आठपर्यंत बरोबर आल्या.

नऊला उलटल्या.

परत केलं. आठ — बरोबर. नऊ — उलट. आठ! फॉरमॅटरमध्ये कुठेच आठ नाही. सगळ्या कंपायलरमध्ये तो आकडा एकाच जागी आहे आणि तो कुणी लिहिलाय ते मला माहीत होतं.

मी. किरकोळमध्ये. सॉर्टबायमध्ये.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची लांबलचक लिस्ट आली आणि जुनं सॉर्टबाय अर्ध्यात दमून कोसळलं. तेव्हा मी ते नव्याने लिहिलं. आठपर्यंतची लिस्ट असेल तर साधा रस्ता, एकेक उचलून जागेवर ठेवायचं. त्याहून लांब असेल तर दुसरा. दोन भाग करा, दोन्ही लावून घ्या, मग तोंडं बघत एकत्र करा. कोसळू नये म्हणून एकत्र करताना लिस्ट उलटी रचत न्यायची आणि शेवटी पालथी करायची. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे, सगळे करतात. फक्त दोघं बरोबरीत आले तर डावीकडचा आधी घ्यायचा असतो. मी उजवीकडचा घेतला. उलटं रचायच्या नादात डावंउजवं फिरलं डोक्यात.

म्हणजे रेशनच्या रांगेत दोघांचा नंबर एकच निघाला, तर जो आधी येऊन उभा आहे त्याला आधी द्यायचं. माझं सॉर्टबाय मागच्याला पुढे घालत होतं. पण रांगेत आठपेक्षा जास्त माणसं असली तरच!

आणि टेस्ट? टेस्ट होत्या ना. चौदा टेस्ट. सगळ्या जुन्या, सगळ्या पाच-पाच, सात-सात नगांच्या. नव्या रस्त्यावरून एकही टेस्ट कधी गेलेली नाही. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, दिसल्या आणि मी खूश! हमीची ओळ तशीच ठेवली — बरोबरीत असतील त्यांचा आधीचा क्रम तसाच राहतो.

दोन वर्षांत कुणाला कळलं नाही, कारण आम्ही सगळे ओळ आणि रकाना दोन्ही बघून क्रम लावतो. बरोबरी होतच नाही. किशोरीताईंनी नुसत्या ओळीवर लावला. का लावू नये? वर माझी हमी होती. त्यांनी मला विचारलंही होतं की हे नक्की ना.

बाबांनी जेवायला तीनदा हाक मारली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही.

सांगणार होते. सकाळी हेतल बँकेत. दुपारी गिऱ्हाईक. संध्याकाळी ती मोकळी होती, तेव्हा मी कामात असल्यासारखी बसले.

सोपा मार्ग आहे. एक ओळ बदलायची, नऊ नगांची टेस्ट घालायची, वर लिहायचं "बारीक सुधारणा". किरकोळमध्ये हो म्हणणारी मीच. कुणी बघत नाही. फॉरमॅटर आपोआप बरा होईल. हेतलला सांगायचं, झालं दुरुस्त. ती विचारणारसुद्धा नाही काय होतं ते. रिपोर्ट काय, दिलेला आहे. त्यात लिहिलंय की खात्री करून घेण्यात कमी पडतात!

किशोरीताईंनी आज मला एक वही आणून दिली. दोनशे पानी. फॉरमॅटरचं सगळं हाताने लिहिलंय, कुठलं फंक्शन कशासाठी, कुठे अडतं. "मी नसले तर तुम्हाला शोधायला नको." त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी ओळखलंय.

वही उघडवली नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना सांगितलं. आधी अर्धं, मग सगळं. कंपायलरचं त्यांना काय कळणार? पण रांगेचं कळलं, कोळंबीचं कळलं, आणि त्या बाईचं फार नीट कळलं.

"चूक तुजी हाय ना?"

"हो."

"मंग सांगून टाक. यात इचार काय करायचा?"

मी म्हटलं, बाबा, इतकं सोपं नाही. सहा वर्षं मी लोकांना हाच धाक दाखवलाय. किरकोळला हात लावू नका, किरकोळ चुकत नाही. उद्या रूपेशसुद्धा हसेल.

"हसंल. हसून हसून किती हसंल? भाकरी निवते, जेव."

मला रडूच आलं. भाकरी खाल्ली दोन. तांदळाची, गरम. खरं सांगायचं तर मी नोकरीला घाबरत नाहीये, हेतल मला काढणार नाही. मला माझ्या त्या फाइलची लाज वाटतेय. त्या बाईपेक्षा मी फाइलला जपलं. हे कागदावर लिहिल्यावर किती घाण दिसतं!

२६ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

सकाळी दहाच्या उभ्याउभ्याच्या मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर. हेतलला आधी एकटीला सांगणार होते, पण मग ते दोघींतच राहिलं असतं, माझी मला खात्री नव्हती. फळ्यावर नऊ अक्षरं काढली. डावं, उजवं दाखवलं. म्हटलं, फॉरमॅटरमध्ये काहीही चूक नव्हती. चूक सॉर्टबायमध्ये आहे, किरकोळमध्ये आहे, माझी आहे. किशोरीताईंनी मला त्याबद्दल विचारलं होतं आणि मी त्यांना गप्प बसवलं. करंज्याला त्यांनी माझ्या चुकीची माफी मागितली आणि मी बाजूला उभी राहिले.

फळा पुसला नाही. राहू दे.

कुणी हसलं नाही. रूपेशही नाही. तो म्हणाला, "आयला, सात नगांच्या टेस्ट! मी पण तेच केलं असतं." ही त्याची समजूत घालायची पद्धत.

हेतलने फळ्याचा फोटो काढला. मग म्हणाली, "हे सगळं लिहून दे, मी शेठना पाठवते. तुझ्या नावाने." बरं म्हटलं. रिपोर्ट परत मागितला. तिने फाडून दिला.

किशोरीताई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. नंतर पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं त्यांना. "ताई, माफ करा मला." त्या म्हणाल्या, "मला वाटायला लागलं होतं, मलाच आता येत नाही." एवढंच. मग माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. झालं ते झालं."

दुपारी शेठचा फोन. मीच घेतला. "तूच ती उबी रायलेली ना?" हो म्हटलं. मग म्हणाले, "बरं. कमेंटी आता जागेव राहतील ना?" राहतील म्हटलं. "नक्की?" या वेळी मी नऊ, दहा, शंभर आणि दहा हजार नगांची टेस्ट घातलीये, म्हणून हो म्हटलं.

जेवण गेलं आज नीट.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

किशोरीताई कायम! नवा रिपोर्ट दीड पानाचा झाला. हेतल म्हणाली, कादंबरी लिहिलीस काय. सही केली.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून तिने जाहीर केलं. बालुशाही आणली होती. आणि मग माझ्याबद्दलही बोलली! म्हणाली, चुका सगळेच करतात, पण आपल्या चुकीला आपलं नाव लावायला छाती लागते, नव्या पोरांनी हे शिकावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रूपेशने शिट्टी मारली, गाढव. मी नको नको म्हणत होते, पण बरं वाटलं. का नाही वाटणार? घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते.

मी एक ठरवलंय. किरकोळ एकट्या माणसाच्या हातात नको. सोमवारपासून किशोरीताई आणि मी, दोघींनी हो म्हटलं तरच बदल आत जाईल. हेतलला सांगितलं, तिला पटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबांना बालुशाही दिली. "कसली?" म्हटलं, सांगून टाकल्याची. दोन खाल्ल्या.

१ डिसेंबर, सोमवार

किशोरीताईंना सगळं नीट सोपवावं, म्हणून किरकोळचे जुने, बंद केलेले पीआर चाळत होते. त्यांत एक त्यांचाच निघाला. २७ ऑक्टोबरचा. कोळंबीच्या दोन आठवडे आधीचा.

"सॉर्टबाय: आठपेक्षा जास्त नग असले की बरोबरीत क्रम उलटतो. नऊ नगांची टेस्ट जोडली आहे. माझं चुकत असेल, पण एकदा बघाल का?" खाली दुरुस्ती. एकच ओळ, मी बुधवारी केली तीच.

त्याखाली माझं उत्तर, दोन मिनिटांनी. मी तो उघडलाही नव्हता. "किरकोळला हात लावू नये." आणि बंद.

शुक्रवारी टाळ्या वाजल्या तेव्हा त्या माझ्या समोरच बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या.